डाऊन स्लीपिंग बॅग, घरशिवणीची

बदके व कलहंस यांच्या बाह्य पिसांखाली, कातडीलगत वाढणाऱ्या दांडीविरहित मऊ पिसांना डाऊन म्हणतात. ही पिसे दोन पातळ कापडांमधील कप्प्यांत भरून केलेली झोपण्याची पिशवी म्हणजे डाऊन स्लीपिंग बॅग. हिमालयात जाणाऱ्या भारतीय गिर्यारोहकांच्या बोलण्यात अशा वस्तूंना सरसकट ‘फेदर’ म्हणतात. ते तितकेसे बरोबर नाही, कारण दांडीचे पीस (फेदर) भरावात जितके जास्त, तितकी पिशवी जड आणि कमी उबदार.

उगम : स्लीपिंग बॅगेच्या शोधाचे श्रेय वेल्समधील न्यूटाउनचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांना देण्याचा प्रघात आहे. त्यांनी १८७६ मध्ये ‘युक्लिसिया रग’ या वस्तूचे पेटंट घेतले. रशियन सैन्याने या वस्तूचे ६०,००० नग मागविल्याचे सांगतात. मात्र ते लोकरी कांबळे होते. घडी घालून बंद करता येई आणि उशीसाठी त्यात फुगविण्याची रबरी पिशवी असे. पिसांचा भराव नव्हता. शिवाय त्याआधीच, १८६० च्या दशकाच्या आरंभी, फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने आल्प्समध्ये कांबळ्याच्या पिशवीचे प्रयोग केले होते. पिरेनीज सीमेवरच्या फ्रेंच जकात-पहारेकऱ्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या पिशव्यांचे वर्णन फ्रान्सिस गॉल्टन यांच्या प्रवासविषयक मार्गदर्शिकेच्या एकोणिसाव्या शतकातील आवृत्त्यांत येते. तेव्हा प्राइस-जोन्स यांना ‘शोधक’ म्हणण्यापेक्षा ‘पहिले मोठे विक्रेते’ म्हणणे अधिक सयुक्तिक. नॉर्वेजियन शोधप्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ च्या ग्रीनलंड मोहिमेत रेनडिअरच्या कातड्याच्या, तिघांना पुरणाऱ्या पिशव्या वापरल्या. डाऊनच्या पिशव्या गिर्यारोहणात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुळत गेल्या असाव्यात. घरशिवणीला चालना मिळाली ती अमेरिकेत, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. कोलोरॅडोतील फ्रॉस्टलाइन ही कंपनी कापलेले कापड, चेन आणि मोजून पुड्यांत बांधलेले डाऊन असा संच विकत असे.

फुलण्याचा आकडा : एक औंस डाऊन ठराविक दाबाखाली किती घन इंच जागा व्यापते, तो आकडा म्हणजे फिल पॉवर. तो साधारणतः ५५० ते ९०० असतो. वाफ देऊन नमुना आधी फुलवला तर आकडा वाढतो. त्यामुळे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची थेट तुलना करू नये. दशमान पद्धतीत ८०० चा आकडा म्हणजे ग्रॅमला सुमारे ४६० घन सेंमी.; ६५० म्हणजे सुमारे ३७५.

कप्पे : पिशवीची ऊब डाऊनच्या वजनापेक्षा त्याला फुलायला मिळणाऱ्या जागेवर अवलंबून असते. दुलईप्रमाणे वरचे व खालचे कापड एकाच टाक्याने जोडले, तर टाक्याच्या रेषेवर जाडी शून्य होते आणि तेथून थंडी शिरते. उन्हाळी पिशवीला हे चालते. गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीसाठी दोन कापडांमध्ये बारीक जाळीच्या पट्ट्यांच्या भिंती उभ्या करतात. साधारण ०° से.साठी भिंतीची उंची ५ सेंमी. धरतात, दोन्ही बाजूंना १ सेंमी. शिवणीसाठी सोडून पट्टी ७ सेंमी. रुंद कापावी. दोन भिंतींतील अंतर १२ ते १५ सेंमी. त्याहून रुंद कप्प्यात डाऊन कडेला सरकते.

बाहेरचे कापड आतल्यापेक्षा मोठे असावे लागते, हे नवशिक्याच्या हमखास सुटते. जाडी ५ सेंमी. असेल, तर बाहेरचा घेर २ × ३·१४ × ५, म्हणजे सुमारे ३१ सेंमी.ने जास्त हवा. दोन्ही घेर सारखे ठेवले, तर झोपणाऱ्याचे कोपर व गुडघे आतले कापड बाहेरच्यावर दाबतात आणि नेमक्या त्याच जागी भराव चेपतो. १७० सेंमी. उंचीच्या व्यक्तीसाठी आतला घेर खांद्याशी १५५, कमरेशी १४०, पायाशी १०० सेंमी. आणि टोपीखेरीज लांबी १९५ सेंमी. पुरते.

भरावाचा हिशेब : कप्प्याची रुंदी १३, भिंत ५ आणि आतल्या-बाहेरच्या घेरांची सरासरी १६५ सेंमी. धरल्यास घनफळ १०,७२५ घन सेंमी. येते. ८०० च्या डाऊनला २३ ग्रॅम. त्यावर पाव हिस्सा वाढवून २९ ग्रॅम भरावे. ही वाढ उधळपट्टी नव्हे. घाम, ओल आणि वापराने डाऊन बसते, तेव्हा कप्पा रिता पडू नये म्हणून ती लागते. ६५० च्या डाऊनला तोच कप्पा सुमारे ३६ ग्रॅम खातो. असे १५ कप्पे, पायाकडे लहान होत जाणारे. शिवाय पायाची चकती व टोपी.

कापड व शिवण : १० ते २० डेनिअरचे (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचे माप), घोटलेले (कॅलेंडर केलेले) नायलॉन घेतात. चकाकती बाजू डाऊनकडे ठेवावी. १५० सेंमी. पन्ह्यात बाहेरचा घेर मावत नाही, म्हणून उभी जोडपट्टी लागते. एकूण कापड ७ ते ८ मी. धरावे. सुई ६० किंवा ७० क्रमांकाची, टोकदार, दोरा पॉलिएस्टरचा, टाका २·५ ते ३ मिमी. टाका बारीक केला की शिवण मजबूत होण्याऐवजी कापडाला तिकिटासारखी भोके पडून ते तिथेच फाटते. टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये लावाव्यात, अन्यत्र चिमटे. उसवलेल्या टाक्याचे भोक नायलॉनमध्ये तसेच राहते आणि त्यातून डाऊन डोकावते, म्हणून खुणा नीट पाहूनच मशीन चालवावे.

आधी सर्व भिंती आतल्या कापडावर शिवतात, मग एकेक करून बाहेरच्यावर. दोन्ही कापडांवर प्रत्येक रेषेचे चार समान भाग खुणेने पाडून खुणेला खूण जुळवावी. बाहेरची जादा लांबी त्या चार भागांत सारखी मुरते. एक रेष चुकली, तर पुढच्या सर्व भिंती तिरक्या बसतात आणि पिशवीला पीळ पडतो. कप्प्यांची तोंडे चेनच्या बाजूला उघडी ठेवावीत.

भरणे : जागा न्हाणीघराची, दारे-खिडक्या व पंखा बंद, भिंती ओलसर, तोंडाला मास्क. कोरड्या हवेत डाऊन स्थिर विजेने हाताला चिकटते आणि काट्यावर ठरत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत जाळी बसवून ठरलेल्या वजनाचे डाऊन नळीत ओढतात, मग नळीचे टोक कप्प्यात खुपसून हवेची दिशा उलटवतात. पुठ्ठ्याच्या नळीने व काठीनेही काम होते, वेळ जातो इतकेच. एक कप्पा भरला की लगेच तोंड शिवावे.

चेन नायलॉन कॉइलची, ५ क्रमांकाची. तिच्यातून थंडी शिरू नये म्हणून तिच्यामागे डाऊन भरलेली कापडी नळी लागते. ती फक्त आतल्या कापडाला शिवावी, आरपार टाका घातल्यास तीच रेष गार पडते. नळीच्या कडेला जाड फीत लावली नाही, तर चेन पातळ कापड गिळते.

बाजारातील पिशव्यांचे तापमान आयएसओ २३५३७ या मानकानुसार तापवलेल्या पुतळ्यावर मोजतात. घरच्या पिशवीला तो आधार नसल्याने पहिली रात्र अंगणात किंवा गच्चीवर काढून पाहणे बरे. सह्याद्रीत हिवाळ्यातही इतक्या जाडीची सहसा गरज पडत नाही आणि पावसाळ्यात ओल धरून डाऊनचे गोळे होतात. तेथे कृत्रिम तंतूंचा भराव सोयीचा. धुताना सौम्य साबण वापरावा आणि मंद आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाकावेत. एरवी पिशवी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी, दाबून नव्हे.