डिजिटल म्युझिक प्लेअर

संगीताच्या फायली स्वतःच्या मेमरीत साठवून त्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर ऐकवणारे, बॅटरीवर चालणारे, खिशात मावणारे उपकरण. मराठीत त्याला सर्रास ‘एमपी३ प्लेअर’ म्हणतात, मग आतली गाणी एमपी३ असोत वा नसोत. त्याला इंटरनेट लागत नाही, मैफल रंगात आलेली असताना मध्येच फोन वाजत नाही आणि एकदा भरलेले गाणे कोणी परत काढून घेत नाही. मात्र साधा प्लेअर स्वतःहून काही शोधूनही देत नाही. त्यात काय असावे, कोणत्या नावाने आणि कोणत्या क्रमाने असावे, हे भरणाऱ्यानेच ठरवायचे असते. प्लेअर चांगला की वाईट हे बहुतेक वेळा या भरण्यावर ठरते. म्हणून या नोंदीत यंत्रापेक्षा त्या कामाला अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका

ध्वनिमुद्रित सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे त्या-त्या क्षणीच्या आवाजाची मोजमापे असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह, म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट. एवढा मजकूर १९९० च्या दशकातल्या छोट्या मेमरीत मावणे अशक्य होते. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाच्या मर्यादेचाच उपयोग केला. मोठ्या आवाजाला लागून आलेला बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तो गाळला तर फाइल कितीतरी लहान होते. हेच एमपी३. फायलीच्या नावापुढे लागणारे हे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरले. सेकंदाला १२८ किलोबिट हा दर धरला, तर फाइल सीडीवरच्या मूळ मजकुराच्या अकराव्या हिश्शाएवढी होते.

बाजारात आलेला पहिला प्लेअर म्हणजे दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ (१९९८). त्याची मेमरी ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा ‘रिओ’ आला आणि तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्यावर खटला भरला. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला आणि खिशातल्या प्लेअरची वाट मोकळी झाली. १९९९ मध्येच हार्ड डिस्क असलेला, ४.८ गिगाबाइटचा ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’ निघाला होता. पण घराघरांत नाव पोचले ते अॅपलच्या आयपॉडचे. २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या आयपॉडची क्षमता होती ५ गिगाबाइट, म्हणजे सुमारे हजार गाणी. त्याचे यश त्याच्या गोल चकतीइतकेच संगणकावरच्या ‘आयट्यून्स’ या प्रणालीचे होते, कारण गाणी लावून ठेवण्याचे काम तिथे होत असे. आयपॉड टच या शेवटच्या वाणाची विक्री थांबत असल्याचे १० मे २०२२ रोजी जाहीर झाले. सोनी, फीओ, अॅस्टेल अँड कर्न अशा कंपन्या आजही प्लेअर बनवतात.

आपल्याकडे या प्लेअरची जागा फार लवकर मेमरी कार्डवाल्या मोबाइलने घेतली. गावोगावच्या मोबाइल दुकानांत ‘कार्ड भरून द्या’ म्हणत गिऱ्हाईक उभे राही आणि दुकानदार ठरावीक पैशांत शेकडो गाणी ओतून देई. त्या कार्डांत गायकाच्या जागी कुठल्या तरी संकेतस्थळाचे नाव आणि गाण्याच्या जागी ‘ट्रॅक ०७’ असे. गाणे घरात आले, पण गाणाऱ्याचे नाव वाटेतच गळाले. २०१७ साली सारेगामा या संगीत कंपनीने आधीच गाणी भरलेला ‘कारवाँ’ हा संच काढला. भरण्याची कटकट नको असलेला मोठा श्रोतृवर्ग त्याला मिळाला.

फायलींचे प्रकार आणि जागा

एमपी३ आणि एएसी या आक्रसलेल्या फायली. त्यांतून गाळलेला भाग परत मिळत नाही. फ्लॅक ही फाइल मूळ मजकूर जसाच्या तसा राखून घडी घातल्यासारखी लहान होते, साधारण निम्म्यापर्यंत. पाच मिनिटांचे गाणे १२८ किलोबिट दराच्या एमपी३मध्ये सुमारे ५ मेगाबाइट, ३२० दराला १२ मेगाबाइट आणि फ्लॅकमध्ये ३० मेगाबाइटच्या आसपास जागा घेते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डात ३२० दराची अडीच हजारांहून जास्त गाणी बसतात. एका माणसाला हे भरपूर झाले. जागा वाचवण्यासाठी ६४ किंवा ९६ दरावर उतरण्यात अर्थ नाही. चित्रपटगीत त्यात एक वेळ खपून जाईल, पण तानपुऱ्याची जवारी हा सगळा वरच्या, बारीक स्वरांचा खेळ असतो आणि कमी दराला तोच भाग आधी जातो. मागे पाण्याखालून आल्यासारखा गढूळ गुंजारव उरतो. शास्त्रीय संगीतासाठी फ्लॅक, नाहीतर किमान २५६ दराचे एमपी३ ठेवावे.

कमी दराची एमपी३ फाइल पुन्हा ३२० दरावर बदलून काही मिळत नाही. फाइल तेवढी जाड होते.

कार्ड आणि जोडणी

प्लेअर संगणकाला यूएसबी वायरने जोडतात. तो पेनड्राइव्हसारखा दिसला तर सरळ फोल्डर ओढून टाकता येतात. काही प्लेअर पेनड्राइव्हसारखे न दिसता एमटीपी या फायली पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीने जोडले जातात; तिथे विंडोजवर अडचण येत नाही, मॅकवर मात्र वेगळी प्रणाली लागते. कार्ड घालताना एक खोडा नेहमी आडवा येतो. ६४ गिगाबाइट आणि त्यापुढची कार्डे दुकानातून एक्सफॅट या मांडणीत येतात आणि बरेचसे जुने, स्वस्त प्लेअर फक्त फॅट३२ वाचतात. प्लेअरने कार्ड ओळखले नाही म्हणजे कार्ड खराबच असेल असे नव्हे. आधी त्यातले सगळे दुसरीकडे उतरवून ते फॅट३२मध्ये फॉरमॅट करून पाहावे. रस्त्यावर कवडीमोलाने मिळणारी मोठी कार्डे मात्र खरोखर तपासून घ्यावीत. वेष्टनावर १२८ गिगाबाइट लिहिलेले, आत ८. खरी क्षमता संपली की नवी गाणी जुन्यांवर लिहिली जातात आणि महिनाभराने गाणे अर्ध्यात तुटू लागते.

वायर ओढून काढण्याआधी संगणकाला ‘इजेक्ट’ची सूचना द्यावी. फायलींची यादी शेवटी लिहिली जाते. ती अर्धवट राहिली तर गाणी आत असूनही दिसत नाहीत.

नावे आणि क्रम

गाण्याचे नाव, गायक, अल्बम, वर्ष ही माहिती फायलीतच ‘टॅग’ म्हणून लिहिलेली असते. एमपी३साठी हा टॅग १९९६ मध्ये आला, तेव्हा त्याला फायलीच्या शेवटी फक्त १२८ बाइट जागा होती आणि गाण्याच्या नावाला ३०. इंग्रजी नावाला हे चालून गेले. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रचलित युनिकोड लेखनात ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दात काने, मात्रा, वेलांटी आणि पायमोडकी चिन्हे धरून ११ चिन्हे होतात, म्हणजे ३३ बाइट. एवढा एक शब्दसुद्धा त्या रकान्यात मावत नाही. पुढच्या आवृत्त्यांत ही मर्यादा गेली आणि युनिकोडही आले. टॅग लिहिताना आवृत्ती विचारली तर २.३ निवडावी, ती बहुतेक प्लेअर वाचतात. ‘एमपी३टॅग’ किंवा ‘पिकार्ड’ या मोफत प्रणालींनी शेकडो फायलींचे टॅग एकत्र दुरुस्त करता येतात.

टॅग बरोबर असूनही पडद्यावर देवनागरी नीट उमटेलच असे नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरवर ती सहसा चांगली दिसते. साध्या प्लेअरवर एकतर चौकोन दिसतात किंवा अक्षरे जुळतच नाहीत. ‘विठ्ठल’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटून पायमोडका ‘ठ’ वेगळा उभा राहतो. अशा प्लेअरसाठी रोमन लिपीतली वेगळी प्रत करावी, पण संगणकावरचा मूळ संग्रह देवनागरीतच ठेवावा. यंत्र बदलेल, नाव मात्र आपल्या लिपीत शाबूत राहील.

लिपी कोणतीही असो, एका माणसाचे नाव एकाच तऱ्हेने लिहिणे ही पहिली शिस्त. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत.

गायक आणि अल्बम हा साचा पाश्चात्त्य रेकॉर्ड बाजाराचा आहे. मराठी संगीत त्यात पुरते बसत नाही. भावगीताला कवी असतो, संगीतकार असतो आणि गायक असतो. बहुतेक प्लेअर गायक दाखवतात, काही संगीतकार दाखवतात, कवी जवळजवळ कोणीच दाखवत नाही. ही खोट लहान नाही, कारण भावगीत हे आधी कवीचे असते. त्यावर साधा उपाय म्हणजे गाण्याच्या नावापुढेच आडवी रेघ देऊन कवीचे नाव लिहिणे. ख्यालासाठी नावाच्या रकान्यात आधी राग, मग ताल आणि शेवटी बंदिशीचा मुखडा लिहावा. तसे केले की यादी रागवार लागते आणि एकच यमन पाच गळ्यांतून एकापाठोपाठ ऐकता येतो. ‘शैली’ हा रकाना ख्याल, नाट्यगीत, अभंग, लावणी अशा आपल्या नावांनी भरावा.

क्रमाचे महत्त्व ‘गीतरामायणा’इतके दुसऱ्या कशानेच कळत नाही. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी ती प्रसारित झाली. फायलींना १ ते ५६ असे साधे आकडे दिले, तर अनेक प्लेअर ते शब्दांसारखे लावतात. एकनंतर दहा, अकरा, बारा असे एकोणीसपर्यंत जाऊन मग दोन. दुसरे गीत बाराव्या जागी येते आणि रामकथा विस्कटते. म्हणून ०१, ०२ असे शून्य लावूनच आकडे द्यावेत. शिवाय आकाशवाणीवरच्या मूळ प्रसारणात गायक अनेक होते. तशी ध्वनिमुद्रणे असतील तर गायकाच्या नावाने यादी उघडताच एक संच अनेक तुकड्यांत विखुरतो. यासाठी ‘अल्बम आर्टिस्ट’ हा वेगळा रकाना असतो. त्यात सगळ्या फायलींना एकच नाव द्यावे आणि खरा गायक त्याच्या रकान्यात तसाच राहू द्यावा.

काही स्वस्त प्लेअर आणि मोटारीतले पेनड्राइव्ह वाचणारे संच आकडेही पाहत नाहीत. ज्या क्रमाने फायली कार्डावर उतरल्या त्याच क्रमाने ते वाजवतात. तिथे फोल्डर रिकामा करून फायली क्रमाने पुन्हा टाकणे हाच मार्ग.

एमपी३ची आणखी एक अडचण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात जाणवते. ही फाइल १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांनी बनते आणि सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी जागा राहते. विलंबित आणि द्रुत दोन फायलींत असतील, तर मधल्या त्या क्षणी तानपुरा तुटतो. कालावधी सेकंदाचा अंशच, पण लागलेल्या सुरात बसलेल्या कानाला तो ठेच लागल्यासारखा जाणवतो. प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ पर्याय असेल तर चालू करावा, नसेल तर दोन्ही भागांची मिळून एकच फाइल करावी.

घरातल्या कॅसेटी

बऱ्याच मराठी घरांत बाजारात आता न मिळणारे काही ना काही कॅसेटवर असते: गावच्या भजनी मंडळाचा काकडा, आजीने म्हटलेल्या ओव्या, गणेशोत्सवातले एखादे गाणे. कॅसेट डेकच्या ‘लाइन आउट’मधून संगणकाच्या ‘लाइन इन’ला वायर जोडून ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रणालीत ते उतरवता येते. यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात. आधी कॅसेट पुढे-मागे एकदा पूर्ण फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी सर्वांत मोठ्या आवाजालाही शेवटाला टेकणार नाही इतपत ठेवावी. तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. खरखर काढण्याचे काम अगदी हलक्या हाताने करावे, नाहीतर खरखरीबरोबर गळ्यातला श्वासही जातो. मूळ प्रत फ्लॅकमध्ये दोन ठिकाणी ठेवावी आणि प्लेअरसाठी एमपी३ वेगळी काढावी. टॅगमध्ये गाणाऱ्याचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष आजच लिहावे. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

ऐकणे

जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांच्या आवाजात मोठा फरक असतो. ‘रीप्लेगेन’ ही सोय मूळ ध्वनीला हात न लावता वाजवताना पातळी सारखी करते. कानांच्या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा दंडक ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास असा आहे. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. लोकलच्या डब्यात बाहेरच्या खडखडाटावर मात करायला आवाज नकळत चढतो. तिथे कानात घट्ट बसणारे इअरफोन वापरून आवाज खाली ठेवावा आणि फलाटावर, रस्त्यावर ते काढूनच चालावे. महिनोन्महिने न वापरायचा प्लेअर बॅटरी अर्धी भरून ठेवावा. पूर्ण रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी पुन्हा उठेलच असे नाही.

घरातल्या वयस्कर माणसासाठी प्लेअर लावताना गाण्यांचा डोंगर नको. चार-पाच फोल्डर पुरे: ०१ भूपाळ्या, ०२ अभंग, ०३ नाट्यगीते, ०४ कीर्तन. आवाजाची कमाल मर्यादा आधीच बांधून द्यावी, ‘शफल’ बंद करावे आणि ‘थांबले तिथून पुढे’ हा पर्याय असेल तर चालू ठेवावा, म्हणजे कीर्तन ऐकताना डोळा लागला तरी पूर्वरंग पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागत नाही. बाकीच्या कळा गोठवणारी ‘होल्ड’ची कळ कुठे आहे ते हातात देऊन दाखवावे, कारण ‘बंद पडला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा तीच सरकलेली असते. कोणती कळ कशाची, हे ठळक अक्षरांत कागदावर लिहून प्लेअरच्या पाठीला चिकटवावे.