लघवी साफ होते म्हणजे किडनी ठणठणीत? असं नसतं हो

शिवाजी पार्कला चालायला येणारे काका असोत की सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, लघवी साफ होतेय ना, पाय सुजले नाहीत ना, मग किडनीचं टेन्शन नको. साफ चूक. किडनी नुसतं पाणी बाहेर टाकत नाही, रक्तातला कचरा गाळते, आणि गाळणी खराब झाली तरी पाणी पडतंच की, उलट काहींना सुरुवातीला रात्री जास्त वेळा उठावं लागतं. दुखत तर बहुतेकांना काहीच नाही. सूज, मळमळ, धाप हे सगळं खूप उशिरा येतं.

बरं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते त्यातलाच एक कचरा) नॉर्मल आलं म्हणूनही लगेच खूश होऊ नका, किडनीचं अर्धंअधिक काम गेलं तरी तो आकडा कधी कधी रेंजमध्येच दिसतो, म्हणून त्यावरून वय वगैरे धरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळतेय याचा अंदाज) बघायचा, तो 3 महिन्यांहून जास्त 60 च्या खाली राहिला तर जुनाट किडनीविकार धरतात. आणि लघवीतल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनची एसीआर टेस्ट लोक हमखास सोडतात, डायबिटीसमध्ये बऱ्याचदा आधी तीच बिघडते!

शुगर, बीपी, घरात कोणाला किडनीचा आजार, किंवा गुडघ्यासाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरच्या गोळ्या (हे आपल्याकडे फारच चालतं), यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारून ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही टेस्ट करा. टाइप 2 डायबिटीस असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी. थोडं रक्त आणि सकाळची लघवी, एवढंच लागतं.