युद्धकैद्यांची चित्रं: जर्मन छावणीतली आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरची

दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांनी काढलेली चित्रं सर्रास एकाच गठ्ठ्यात टाकली जातात. जेवणाची रांग, बाजेवर लोळणारी माणसं, दाढी, हजेरी. विषय तेच, काढणारेही बऱ्याचदा ब्रिटिशच. पण छावणी जर्मनांची की जपान्यांची, यावरून चित्राची जातच बदलते.

युद्धकैद्यांना कसं वागवावं हे ठरवणारा १९२९चा जिनिव्हा करार जर्मनीने मान्य केला होता. कैद्यांच्या बौद्धिक विरंगुळ्याला उत्तेजन द्यावं, असं कलमच त्यात आहे. त्यामुळे ब्रिटिश-अमेरिकन कैद्यांपर्यंत वायएमसीए ही ख्रिस्ती युवकांची संघटना आणि रेडक्रॉस यांच्यामार्फत कागद-रंग पोचत आणि चित्रं उघड्यावर काढता येत. त्यांत कंटाळा पुरेपूर उतरलाय; पलायनाची तयारी मात्र सहसा दिसायची नाही, कारण पहारेकरीही ती पाहणार. जॉन वॉर्सली हा नौदलातला चित्रकार १९४३मध्ये पकडला गेला. ब्रेमेनजवळच्या मार्लाग छावणीत त्याने सोबत्यांची चित्रं काढली आणि कागदाच्या लगद्याचं एक डोकंही घडवलं. गणवेश चढवलेला हा 'आल्बर्ट' पळालेल्या कैद्याच्या जागी हजेरीला उभा केला जाई!

अर्थात ही मोकळीक सगळ्यांना नव्हती. जर्मनांच्याच ताब्यातले ३० लाखांहून अधिक सोव्हिएत कैदी भूक, थंडी, रोगराई आणि गोळ्यांनी मेले. वॉर्सलीची चित्रं म्हणजे 'जर्मन छावणीतलं जीवन' असं सरसकट म्हणणं चूकच.

जपानने जिनिव्हा करारावर सही केली, मंजुरी दिली नाही. सयाम (आजचं थायलंड) ते ब्रह्मदेश ही रेल्वे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतली; तिच्यावरच्या छावण्यांत चित्र सापडलं की मार ठरलेला. रोनाल्ड सर्ल या ब्रिटिश चित्रकार-कैद्याने आपली चित्रं कॉलऱ्याने मरणाऱ्या कैद्यांच्या अंथरुणाखाली दडवली. पहारेकरी तिकडे फिरकत नसत. त्याची सुमारे ३०० चित्रं वाचली. याच रेल्वेवरच्या चुंगकाईच्या इस्पितळ-छावणीत जॅक चॉकर या दुसऱ्या ब्रिटिश कैद्याने रोगी आणि उपचार टिपले. पायावरच्या चिघळलेल्या व्रणातलं सडकं मांस भूल न देता चमच्याने खरवडलं जाई, तेही त्याच्या चित्रांत आहे. इथे चित्र म्हणजे पुरावा आणि वैद्यकीय नोंद. वेळ घालवण्याचं साधन नव्हे.

ओळखायचं तर आधी कागद पाहावा: मिळेल तो चिटोरा, घड्या, डाग असतील तर चित्र चोरून काढलेलं असण्याचा संभव जास्त. पण मोठं, नीट रंगवलेलं चित्र दिसलं म्हणून ते लगेच जर्मनीतलं ठरवू नये. सुटकेनंतर काहींनी आपल्याच जुन्या रेखाटनांवरून पुन्हा चित्रं केली, तेव्हा खालची तारीख वाचावी.