पासवर्ड नेमका फुटतो कुठे?

आपल्याला वाटतं की चोर आपल्या अकाउंटसमोर बसून एकेक पासवर्ड टाकून बघत असेल, पण तसं सहसा होत नाही कारण काही वेळा चुकलं की साइट अडवतेच. खरा घोळ होतो तो साइटचा अख्खा डेटाबेस चोरीला जातो तेव्हा. 2009 मधे रॉकयू नावाच्या कंपनीतून 3 कोटी 20 लाखांवर पासवर्ड असेच बाहेर गेले, आणि ते चक्क जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवलेले होते! त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडला 123456.

नीट बांधलेली साइट पासवर्ड साठवत नाही, त्याचा हॅश साठवते. म्हणजे पासवर्ड एका गणितातून जातो आणि त्याची एक ठरावीक लांबीची अगम्य ओळ बनते, जी उलटी फिरवून मूळ पासवर्ड काढता येत नाही. मग चोर काय करतो, तर चोरलेली यादी स्वतःच्या मशीनवर घेऊन अंदाज लावत सुटतो, शब्द घ्यायचा, हॅश काढायचा, जुळला का बघायचं, नाही जुळला तर पुढचा, आणि इथे त्याला अडवणारं कोणीच नसतं.

आता हिशोब बघा. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांचे पासवर्ड होतात साधारण 20,900 कोटी, आकडा प्रचंड वाटतो, पण साइटने जुना झटपट हॅश वापरला असेल आणि चोराचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 1,000 कोटी अंदाज लावत असेल तर हे सगळे 21 सेकंदांत संपतात. a च्या जागी @ टाकून काही फरक पडत नाही हो, ती युक्ती त्यांच्या प्रोग्रॅममधे आधीच असते.

त्यापेक्षा लांबी वाढवा. डाइसवेअर पद्धतीत फासे टाकून 7,776 शब्दांच्या यादीतून शब्द निवडतात, असे सहा शब्द घेतले तर त्याच वेगाने सगळ्या जोड्या तपासायला सात लाख वर्षं लागतील. फक्त शब्द फाशांनीच निवडायचे, स्वतःच्या मनाने नाही, कारण आपल्याला सुचणारे शब्द दुसऱ्यालाही सुचतात.

आणि एवढं करून तोच पासवर्ड चार ठिकाणी वापरला तर सगळं पाण्यात. त्या चारातली सगळ्यात ढिसाळ साइट फुटली की चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी बाकी सगळीकडे चालवून बघतो, तेही आपोआप, प्रोग्रॅम लावून. त्यात ईमेलचा पासवर्ड गेला तर फारच वाईट, कारण बाकीच्या अकाउंटचे रीसेट तिथेच येतात. म्हणून मी कळकळीने सांगते, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, घ्या, प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड त्यालाच बनवू द्या, लक्षात फक्त एक ठेवा, आणि ईमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, आजच लावा.

पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी डिजिटल किल्लीने लॉगिन करायची, सोय दिसली तर ती जरूर घ्या. त्यात गुप्त किल्ली तुमच्याकडेच राहते, साइटकडे असते फक्त तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली, जी चोरून लॉगिन करता येत नाही, शिवाय पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते त्यामुळे हुबेहूब नकली पान समोर आलं आणि तुम्ही फसलात तरी ती तिथे चालत नाही.