डीव्हीडी रायटर : बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर

एमआरआय करून घेतला की फिल्मच्या मोठ्या पाकिटात अजूनही बरेचदा एक सीडी सरकवलेली असते. घरी येऊन ती बघावी म्हटलं तर लॅपटॉपमध्ये ती घालायला जागाच नसते. कपाटातल्या लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडींचंही तेच. मग कुणीतरी सुचवतं, बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर घे, यूएसबीवर चालतो. लॅपटॉप कंपन्यांनी ड्राइव्ह काढून टाकला आणि त्याची भरपाई म्हणून हा चपटा काळा डबा आला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सीडीवर लिहिणारं यंत्र सुरुवातीला संगणकाच्या बाहेरच होतं. आत ते आलं नंतर, आणि जेमतेम पंधरा-वीस वर्षं टिकलं.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८०मध्ये ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं आणि ऑक्टोबर १९८२मध्ये जपानच्या बाजारात पहिला प्लेअर आला. ही सीडी फक्त वाचायची होती. तिच्यावरचे सूक्ष्म खड्डे कारखान्यातल्या साच्यातून उमटत. एका अल्बमच्या लाखभर प्रती काढायला हे उत्तम, पण कुणाला एकच प्रत हवी असेल तर त्यासाठी साचा कोण बनवणार? ही अडचण सोडवली जपानच्या ताइयो युदेन या कंपनीने, १९८८च्या सुमारास. तिने प्लास्टिक आणि परावर्तक थर यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर घातला. लेसर वाचताना सौम्य असतो. लिहिताना तोच जोर वाढवून रंगद्रव्य तापवतो आणि तेवढ्या ठिपक्यापुरतं परावर्तन कमी होतं. वाचणाऱ्या ड्राइव्हच्या दृष्टीने तो खड्डाच. म्हणजे ‘बर्न’ करताना खरोखरच काहीतरी भाजलं जातं, आणि भाजलेलं परत कोरं करता येत नाही.

कोरी सीडी तशी कोरीही नसते. आतून बाहेर जाणारी एक सर्पिल खाच तिच्यावर कारखान्यातच पाडलेली असते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, आणि ती खाच उलगडली तर लांबी पाच किलोमीटरच्या वर जाते. खाच किंचित नागमोडी असते. त्या नागमोडीवरूनच लेसरला कळतं की आपण कुठे आहोत आणि डिस्क किती वेगाने फिरवायची. उजेडात धरली तर डिस्कच्या पाठीचा रंगही बोलतो : सायनीन रंगद्रव्य असेल तर हिरवट-निळी झाक, थॅलोसायनीन असेल तर फिकट सोनेरी, अझो असेल तर गडद निळी. लिहिलेला भाग मधल्या भोकाकडून सुरू होणाऱ्या, थोड्या वेगळ्या छटेच्या वलयासारखा दिसतो. डिस्क किती भरली आहे, हे ड्राइव्हमध्ये न घालताही सांगता येतं ते यामुळे.

जाता जाता एक सांगून टाकतो. सीडीची चकचकीत बाजू सगळे जपतात आणि नाव लिहायच्या बाजूवर बॉलपेन खुशाल दाबून चालवतात. खरं तर माहितीचा थर नावाच्या बाजूलाच, लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूला जवळपास १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण असतं, वर काहीच नाही म्हटलं तरी चालेल. डीव्हीडीमध्ये हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती एवढी नाजूक नाही.

लिहिता येणाऱ्या सीडीचं मानक १९९०मध्ये आलं. त्याच सुमाराची मेरिडियन कंपनीची यंत्रणा वॉशिंग मशीनएवढी होती. तिच्या पोटात यामाहाचा दोन भागांचा रेकॉर्डर असे आणि त्या रेकॉर्डरचीच किंमत ३५,००० डॉलर होती. चूक दुरुस्त करणारी सर्किटं, वेगळी हार्ड डिस्क आणि हे सगळं चालवणारा डॉसचा संगणक, यांचा खर्च वेगळा. असं धूड संगणकाच्या आत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. १९९२पर्यंत साधारण रेकॉर्डर दहा-बारा हजार डॉलरवर आला. सप्टेंबर १९९५मध्ये एचपीने फिलिप्सकडून बनवून घेतलेला ४०२०आय ९९५ डॉलरला काढला. हजार डॉलरच्या आत मिळणारा हा पहिला रायटर, आणि त्याची जागा संगणकाच्या पोटात होती. यानंतर किमती अशा कोसळल्या की पाच-सहा वर्षांत रायटर ही चैनीची वस्तू उरली नाही.

बाहेरची जात मात्र संपली नव्हती. एचपीच्याच ७२०० या मॉडेलचे दोन अवतार होते. ‘आय’ आत बसवायचा आणि ‘ई’ बाहेर ठेवायचा. हा ‘ई’ प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडायचा. कॅबिनेट उघडून, स्कझी कार्ड बसवून, जंपर जुळवायची ज्यांची तयारी नव्हती त्यांची त्यामुळे सोय झाली. पुढे यूएसबी आलं, पण पहिल्या पिढीचा त्याचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड एमबी. तोही कागदावरचा. त्यात ४ एक्सवर समाधान मानावं लागे. १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, त्यामुळे ४ एक्सने ८० मिनिटांची पूर्ण डिस्क भरायला वीस मिनिटं लागत. २०००मध्ये यूएसबी २.० आलं, वेग चाळीस पट झाला आणि बाहेरचा रायटर आतल्याच्या तोडीस तोड चालू लागला.

वेगाइतकाच मोठा प्रश्न होता अखंडतेचा. लेसर एकदा लिहायला लागला की त्याला माहितीचा पुरवठा न तुटता व्हायला हवा. ड्राइव्हमधला बफर, म्हणजे माहितीचा तात्पुरता साठा, क्षणभर जरी रिकामा झाला तरी डिस्क बाद. त्या काळात सीडी राइट करताना घरात एक प्रकारचं सोवळं पाळलं जाई : स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, माउसला कुणी हात लावायचा नाही. बाहेरच्या ड्राइव्हला हा धोका जास्त, कारण वाट अरुंद. २०००मध्ये सॅन्योने यावर तोड काढली. पुरवठा तुटला तर लेसर कुठे थांबला ती जागा नेमकी लक्षात ठेवायची आणि माहिती आली की तिथूनच पुढे लिहायचं. दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्यांनी आपापल्या नावाने हेच केलं. माझ्या मते घरगुती रायटरला खऱ्या अर्थाने घरगुती बनवणारी गोष्ट हीच. किंमत उतरणं दुय्यम. २००१मध्ये विंडोज एक्सपीने सीडी लिहिण्याची सोय आतच दिली, तरी नीरो हे सीडी लिहायचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय संगणक पूर्ण झाला असं कुणाला वाटत नसे.

डीव्हीडी रायटरची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती बहुतांशी भांडणाची आहे. पायोनियरने १९९७मध्ये डीव्हीडी-आरचा पहिला रेकॉर्डर आणला, तो सामान्य माणसासाठी नव्हताच. जानेवारी २००१मध्ये अॅपलने पॉवर मॅक जी४मध्ये पायोनियरचाच ड्राइव्ह ‘सुपरड्राइव्ह’ नावाने बसवला. तोवर फिलिप्स, सोनी, एचपी वगैरे मंडळींनी उणे चिन्हाच्या (डीव्हीडी-आर) डिस्कसमोर अधिक चिन्हाची डिस्क उभी केली होती. दुकानात ‘प्लस की मायनस?’ असं विचारलं जाई आणि उत्तर चुकलं तर डिस्क वाया. २००२च्या अखेरीस सोनीचा दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह आला आणि या वादातली हवा गेली. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असायचं आणि विंडोजमध्ये ४.३८ दिसायचे. ती फसवणूक नव्हती. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

भारतात ही लाट स्वस्त झाली ती मोझर बेअरमुळे. १९८३मध्ये दीपक पुरी यांनी दिल्लीत सुरू केलेली ही कंपनी आधी कार्यालयांसाठी वेळ नोंदवणारी यंत्रं बनवायची, मग फ्लॉपीकडे वळली आणि १९९९मध्ये सीडी-आरकडे, म्हणजे लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडीकडे. काही वर्षांतच ती जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पन्नास डिस्कचा दांडा घेऊन जाणं ही तेव्हा नेहमीची खरेदी. गल्लीतल्या सायबर कॅफेत ‘सीडी राइट करून मिळेल’ ही पाटी, आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे व्हिडिओ कॅसेटच्या जागी दोन-तीन डीव्हीडींचा संच. दोन-तीन, कारण बऱ्या दर्जाचं चित्र हवं असेल तर एका डिस्कवर साधारण दोन तास मावतात आणि आपली लग्नं दोन तासांत आटोपत नाहीत. याच कंपनीने पुढे चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून रस्त्यावरच्या पायरेटेड मालाच्या भावाशीच स्पर्धा केली. पण पेन ड्राइव्ह, मग इंटरनेट आणि सौरऊर्जेतल्या मोठ्या गुंतवणुकीचं कर्ज यांनी तिला घेरलं. सप्टेंबर २०१८मध्ये ती दिवाळखोरीत गुंडाळण्याचा (लिक्विडेशनचा) आदेश निघाला.

संगणकातून ड्राइव्ह बाहेर पडण्याची तारीख ठरवायचीच तर जानेवारी २००८ म्हणता येईल. अॅपलने मॅकबुक एअर दाखवला तेव्हा त्यात डिस्कची फटच नव्हती. हवा असेल तर ९९ डॉलरला बाहेरचा सुपरड्राइव्ह घ्या. मग सगळेच त्या वाटेने गेले. कारण जाडीचं होतं. लॅपटॉपमधला ड्राइव्ह १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचा असे, आणि पूर्ण लॅपटॉपच त्याच्या आसपास आणायचा तर काहीतरी काढावंच लागणार.

म्हणूनच आज आपण विकत घेतो तो डबा मुळात लॅपटॉपचाच ड्राइव्ह असतो. वर एक खोकं आणि आत ड्राइव्हची सॅटा ही जोडणी यूएसबीत बदलणारी छोटी पट्टी, एवढीच भर. ट्रे उघडून पाहिलं की खात्री पटते. लेन्स ट्रेवरच बसलेली असते आणि ट्रेबरोबर बाहेर येते. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ती आतच राहते. मधल्या कण्यावर स्प्रिंगच्या तीन बारीक पकडी असतात, त्यामुळे डिस्क नुसती ठेवून भागत नाही. दोन बोटांनी मध्याजवळ दाबून ‘टक’ असा आवाज आला की ती बसली. समोरच्या टाचणीएवढ्या भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घातली तर वीज नसतानाही ट्रे सुटतो. बिघडलेल्या लॅपटॉपचा ड्राइव्ह काढून वेगळ्या घेतलेल्या खोक्यात बसवणारे बरेच जण आहेत. फक्त १२.७ आणि ९.५ची खोकी वेगळी असतात, हे आधी मोजून घ्यावं.

लॅपटॉपचा ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतो, म्हणून एका यूएसबी केबलवर भागतं. डेस्कटॉपच्या ड्राइव्हला १२ व्होल्टही लागतात, म्हणून त्याच्या बाहेरच्या अवताराला वेगळा अॅडॉप्टर असतो. पण ५ व्होल्टातही मेख आहे. यूएसबी २.०चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं आणि डिस्क वेग घेताना किंवा लिहिताना ड्राइव्ह त्याहून बराच जास्त ओढतो. केबलला दोन टोकं देण्याची पद्धत त्यातून आली. स्वस्त हबवर लावलेला रायटर वाचतो पण लिहिताना मध्येच अडखळतो, त्यामागेही बहुधा हेच असतं. दोष डिस्कच्या माथी मारण्याआधी तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून पाहावा. डीव्हीडी लिहिण्याचा वेगही ८ एक्सवर अडतो. डेस्कटॉपच्या ड्राइव्हला २०-२४ एक्स जमतो.

एवढं सगळं करून डिस्क वापरायची कशाला? रुग्णालयांचं उत्तर सोपं आहे. स्कॅनच्या प्रतिमा डायकॉम या मानकाने साठवतात, सोबत त्या बघायचं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर देता येतं, आणि पेशंटने ती कुठल्याही गावच्या डॉक्टरकडे न्यावी. ते सॉफ्टवेअर बहुधा फक्त विंडोजवर चालतं, हा भाग वेगळा. आता अनेक ठिकाणी क्यूआर कोड देतात, पण तो दुवा किती दिवस जिवंत राहील हे रुग्णालयाच्या हातात असतं. सीडी आपल्या हातात असते.

न्यायालयांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात घडला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं की खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ टळल्यावर स्वीकारला गेला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण होतं, आणि ते न्यायालयापुढे आलं डिस्कवर. डिस्क ही मूळ नव्हे, प्रत. त्याच सप्टेंबरात केरळमधल्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पुरावा कायद्याच्या कलम ६५-बीखालचं, प्रत कुठल्या उपकरणावरून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र नसेल तर अशी सीडी पुराव्यात घेता येणार नाही. जालन्यात प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला : मूळ उपकरण हजर केलं नाही तर प्रमाणपत्र हवंच. पण ज्याने शक्य ते सगळं केलं आणि तरीही ते मिळालं नाही, त्याच्यावर हा बोजा टाकता येणार नाही, असंही म्हटलं आणि अपील फेटाळलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ झालं आहे आणि प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवावं लागतं. ते मूल्य पेन ड्राइव्हवरच्या फाइलचंही काढता येतं. तरी एकदाच लिहिली जाणारी, बंद केलेली डिस्क सुपूर्द करणं अनेकांना अजून जास्त निर्धोक वाटतं, आणि त्यात तथ्य आहे.

बनवणारे मात्र एकेक करून निघून गेले. सोनीने ड्राइव्हचा धंदा २०१३मध्ये गुंडाळला, ताइयो युदेनने २०१५च्या अखेरीस डिस्कचा. डिस्क विकणारी व्हर्बॅटिम २०१९मध्ये तैवानच्या सीएमसीकडे गेली. अॅपलचा बाहेरचा सुपरड्राइव्ह २०२४मध्ये बंद झाला आणि सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं. यूएसबी रायटर दुकानात आजही मिळतात. घरात जुन्या डीव्हीडी असतील तर रंगद्रव्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही हे लक्षात घेऊन त्यांची नक्कल हार्ड डिस्कवर आधी उतरवावी, नवीन काही भाजायचं ते नंतर.