चाकूला चुंबक चिकटलं? चिकटू दे!

ठाण्याच्या जांभळी नाक्याला घडीचा चाकू घेताना कुणीतरी चुंबक काढतंच: ‘चिकटलं, म्हणजे स्टेनलेस नाही.’ साफ चूक. हा निकष भांड्यांचा. चांगल्या ताट-वाट्यांच्या ३०४ स्टीलमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, म्हणून चुंबक सहसा धरत नाही. पण त्याला कितीही तापवून पाणी द्या, ते कडक होत नाही, धार लगेच जाते. पात्याचं ४२० किंवा ८सीआर१३एमओव्ही स्टील १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचं, कडक केलेलं. त्याला चुंबक चिकटणारच. न चिकटणाऱ्या स्टीलच्या पात्याचाच मला संशय येईल.

त्यापेक्षा पातं उघडून आडवं हलवा. सांध्यात खुळखुळलं, किंवा लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला नीट टेकत नसेल, तर स्वस्तातही घेऊ नका. खाडीच्या खाऱ्या हवेत गंज मात्र स्टेनलेसलाही धरतो. वापरून झाला की पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब.