कारखाना अमळनेरात, हेड ऑफिस बेंगळुरूत

आमच्या घरी वनस्पती तुपाचा पत्र्याचा एक जुना डबा होता. वरचं सूर्यफुलाचं चित्र घासून घासून अर्धं गेलेलं, तुटलेल्या कडीच्या जागी तार आणि आत तुरीची डाळ. तूप कधीच संपलं होतं, पण डबा कुणी मोडीत घातला नाही, कारण तो अमळनेरचा होता. खान्देशात कुठल्याही कंपनीच्या मुख्यालयाचा विषय निघाला की मला तो डबा आठवतो.

29 डिसेंबर 1945 रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ नावाची कंपनी नोंदवली गेली. संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी. कारखाना अमळनेरला, माल सूर्यफूल छाप वनस्पती तूप आणि ‘787’ हा कपड्यांचा साबण. पुढे याच नावातल्या अक्षरांतून ‘विप्रो’ हे छोटं नाव रूढ झालं. 1966 मध्ये प्रेमजी वारले आणि त्यांचा 21 वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परत आला. 1980 च्या दशकात कंपनी संगणकात शिरली. आज तिचं मुख्यालय बेंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर आहे. अमळनेरच्या कितीतरी घरांत तिचे जुने शेअर जपून ठेवलेले आहेत आणि त्यातून कुटुंबंच्या कुटुंबं वर आली. हे गावाचं भाग्यच.

पण ही कंपनी अमळनेरकडून कुणी पळवून नेली नाही. मालक मुंबईचे, कारभारही मुंबईचा. अमळनेरला होता तो कारखाना. कारखाना आणि हेड ऑफिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक चर्चा त्यांची गल्लत करतात. कारखाना जमीन, पाणी, वीज आणि कच्चा माल बघतो. हेड ऑफिस माणसं बघतं: वकील, सी. ए., बँकेचा मोठा साहेब, इंजिनिअर, सरकारी सचिव आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

मुख्यालयासाठी सवलती देण्याचा खेळ अमेरिकेतून आला, असा समज आहे. धुळेकरांनी तरी तो बाळगू नये. 1818 मध्ये पेशवाई संपली, खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्य ठाण्यासाठी 1819 मध्ये धुळे निवडलं. तेव्हा ते सुमारे अडीच हजार वस्तीचं, पांझरेकाठचं छोटं गाव होतं. मुंबई-आग्रा वाट आणि मुलखाचा मध्य, ही त्याची जमेची बाजू. ब्रिग्जने घरांसाठी कायमची बिनसाऱ्याची जागा दिली. जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांना पक्कं घर बांधायला उचल दिली. आजच्या भाषेत हे सवलतींचं पॅकेजच! त्यावर नवं धुळे सरळ रस्त्यांच्या आखणीत उभं राहिलं. आजही तिथं पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर 4’, ‘गल्ली नंबर 6’ असंच सांगतात.

ही सवलत फळली, पण कशामुळे? जागा फुकट मिळाली म्हणून फक्त नाही. कलेक्टर तिथं बसला म्हणून कचेरी आली, कचेरीमागे वकील, वकिलांमागे पक्षकार, आणि पक्षकारांसाठी खाणावळी.

मग रेल्वे आली आणि डाव उलटला. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरून गेली. धुळे बाजूला राहिलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि खान्देशच्या रुईला सोन्याचा भाव आला. जळगावची ओळख कापसाची पेठ अशी झाली. मागून जिनिंग-प्रेसिंग, गिरणी, दलाल, हुंड्या. भुसावळ रेल्वेच्या कामावरच वाढलं आणि आजही मध्य रेल्वेच्या एका विभागाचं मुख्यालय आहे. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो 1900 मध्ये, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं उशिरा. 1906 मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पश्चिम खान्देशचं ठाणं धुळ्याला राहिलं आणि पूर्व खान्देशचं जळगावला गेलं. रेल्वे आणि कापसाने जळगावचा दावा आधीच पक्का केला होता. धुळे-जळगावची जी चढाओढ आपण आजही ऐकतो, तिचं मूळ मला तरी या चाळीस वर्षांत दिसतं.

उद्योगांना सरकारी आमिष दाखवण्याची पद्धत अमेरिकेत 1936 मध्ये रुजली. मिसिसिपी राज्याने शेतीला कारखान्यांची जोड द्यायची म्हणून गावांना रोखे काढून कारखान्यांच्या इमारती बांधू दिल्या. महाराष्ट्रात 1962 मध्ये एम. आय. डी. सी. स्थापन झाली आणि 1964 मध्ये मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांसाठी प्रोत्साहन योजना आली. पुढे तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडले. जितका मागास तालुका तितकी जास्त सवलत. हे सगळं होतं कारखान्यासाठी. हेड ऑफिसने आपल्या तालुक्यात यावं, असा विचार त्या मांडणीत फारसा नव्हताच.

हेड ऑफिसची उघड बोली गाजली ती 2001 मध्ये. बोइंगने सिअ‍ॅटल सोडायचं जाहीर केलं आणि शिकागो, डॅलस, डेन्व्हर या तीन शहरांना रांगेत उभं केलं. शिकागो जिंकलं. विमानांचे कारखाने मात्र सिअ‍ॅटलच्या परिसरातच राहिले. हलल्या त्या हेड ऑफिसच्या सुमारे 500 नोकऱ्या. एवढ्यासाठी शिकागो आणि इलिनॉय राज्याने कोट्यवधी डॉलरच्या सवलती दिल्या. 2022 मध्ये बोइंगने मुख्यालय पुन्हा उचललं आणि व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला नेलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं पेंटॅगॉन तिथंच आहे. जिथं मोठं गिऱ्हाईक, तिथं हेड ऑफिस.

सप्टेंबर 2017 मध्ये अ‍ॅमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी शहरांकडून प्रस्ताव मागवले: 50,000 नोकऱ्या, 5 अब्ज डॉलरची गुंतवणूक. 238 प्रस्ताव आले. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनकडून 21 फुटी निवडुंग पाठवला गेला. कंपनीने तो संग्रहालयाला देऊन टाकला. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने 345 एकर जमीन तोडून तिथल्या नव्या गावाला कंपनीचं नाव द्यायची तयारी दाखवली. शेवटी नोव्हेंबर 2018 मध्ये निवड झाली न्यूयॉर्क आणि आर्लिंग्टनची, म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या शहराची आणि राजधानीच्या शेजारची. न्यूयॉर्कने देऊ केलेल्या सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलतींवर स्थानिक लोक आणि लोकप्रतिनिधी भडकले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली. उरलेल्या दोनशेवर ठिकाणांनी आपल्या जमिनीची, करसवलतींची आणि कारागिरांची माहिती कंपनीला देऊन टाकली, बहुतेकांच्या हातात काही आलं नाही. ज्या शहरांनी मनापासून कष्ट घेऊन प्रस्ताव बनवले, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण इन्फोसिसचं. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी 1983 मध्ये बेंगळुरूला गेली, कारण एक महत्त्वाचं गिऱ्हाईक तिथं होतं. कुठल्या शहराने बोली लावली नव्हती.

याच्या उलट बाजूला उभं आहे जळगाव. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये 7,000 रुपयांच्या भांडवलावर, हातगाडीवर रॉकेल विकून धंदा सुरू केला. पुढे पपईच्या चिकातून पपेन, पीव्हीसी पाइप, ठिबक सिंचन अशी वाढ होत गेली, पण जैन इरिगेशनचं मुख्यालय जळगावलाच राहिलं. त्यांचं गिऱ्हाईक केळी आणि कापूस पिकवणारा शेतकरी होता आणि तो इथंच होता. हेड ऑफिस इथं असल्यामुळे जैन हिल्स हा कंपनीचा परिसर उभा राहिला, 2012 मध्ये गांधी तीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय आलं आणि देशोदेशीचे शेतकरी, शास्त्रज्ञ जळगावच्या स्टेशनावर उतरू लागले. 2019 च्या सुमारास कंपनी कर्जाच्या अडचणीत आली, तेव्हा जळगावची काळजीही वाढली. गावात एकच मोठं मुख्यालय असलं, की त्याला सर्दी झाली तरी गाव शिंकतं.

धुळे, जळगाव, नंदुरबारचे नेते आज कंपन्यांना बोलावतात, तेव्हा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतली जमीन, तापीचं पाणी आणि हमरस्त्यांचा संगम पुढे करतात. कारखान्यासाठी हे पुरेसं आहे आणि ते मागायलाच हवं. हेड ऑफिससाठी मात्र इंजिनिअर झालेली पोरं इथं थांबायला हवीत, आणि ती रोज संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाड्यांतून पुण्याला जातात. धुळ्याच्या बाबतीत आणखी एक जुनं देणं राहिलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या, 18,036 कोटी रुपये खर्चाच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जाणार आहे.